उसाच्या ट्रॉलीचा विझलेला दिवा

गळीत हंगाम सुरू झाला की उसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्यांची रांग रात्रीही रस्त्यावर असते आणि त्यांतील कित्येकींच्या पाठीमागे दिवा पेटलेला नसतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास ट्रॉली दिसते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागील तांबड्या दिव्याची सक्ती आहेच. उणीव नियमाची नाही. अनेकदा दोष बल्बाचाही नसतो. तो असतो ट्रॅक्टर व ट्रॉली यांना जोडणाऱ्या सॉकेटात, धूळ व ओल यांनी गंजलेल्या पिनांत आणि विशेषतः तुटलेल्या अर्थिंगच्या वायरीत. ही वायर तुटली की वीज हुकाच्या सैल लोखंडातून वाट काढते. मग खड्ड्यागणिक दिवा लुकलुकतो व अखेर विझतो. पिना घासून, नवी वायर चेसिसच्या स्वच्छ लोखंडावर घट्ट आवळणे हे फार तर अर्ध्या तासाचे काम. वजन झाल्यावाचून कारखाना ट्रॉली रिकामी करून घेत नाही. मग ती बाहेर सोडताना फाटकाशी तिचा दिवा पाहण्यास कोणती अडचण आहे? वजनकाट्यावर जी दक्षता दाखविली जाते, तिचा अंशही माणसाच्या जिवासाठी दाखविला जाऊ नये काय?