मूळपुरुषावर किती ओझं?

आधी घरच्या वाचकांसाठी थोडक्यात. वेबसाइटवरच्या पानामागे 'कंट्रोलर' नावाचा क्लास काम करतो. पन्नास कंट्रोलरना लागणाऱ्या समाईक गोष्टी पन्नासदा लिहायला नकोत, म्हणून एक मूळपुरुष करतात: बेस कंट्रोलर. बाकीचे सगळे त्याचे वंशज. कल्पना झकास आहे! माझं भांडण आहे ते या मूळपुरुषाचा माळा करून टाकणाऱ्यांशी.

ईमेल पाठवायचंय? टाका बेसमध्ये. पीडीएफ काढायचीय? बेसमध्ये. रुपयाची रक्कम अक्षरी दाखवायचीय? तीही बेसमध्येच!! मग साधं 'आमच्याविषयी'चं पान उघडलं तरी हे सगळं बोचकं बरोबर येतं.

याला एक जुनं कारण आहे, तेही मान्य करूया. कोडइग्नायटरच्या तिसऱ्या आवृत्तीत 'कोअर' फोल्डरमधली 'माय कंट्रोलर' ही एकच फाइल आपोआप उचलली जाते. दुसरा बेस क्लास शेजारच्या फाइलीत ठेवला तर 'क्लास सापडला नाही' म्हणून पान कोसळतं. म्हणून लोक अ‍ॅडमिनचा, पब्लिकचा असे सगळे बेस त्याच फाइलीत कोंबायचे, नाहीतर कॉन्फिगच्या फाइलीत ऑटोलोडचं फंक्शन चिकटवायचे. तेव्हा ठीक होतं.

पण २०१३ मध्ये पीएसआर-४ आलं आणि क्लासचं नाव हाच त्याचा पत्ता झाला. नेमस्पेस बघायची, फोल्डर गाठायचा, फाइल उचलायची. कंपोझर हे काम विनातक्रार करतो. कॉन्फिगमध्ये चिकटवलेलं ते जुनं फंक्शन तर पीएचपी ८.० ने २०२० मध्ये भाषेतूनच हद्दपार केलं. हवा तो क्लास हवा तेव्हा हाकेसरशी येतो. मग अजून माळा कशाला?

खरा संताप येतो तो लॉगिनच्या तपासणीवरून. ती 'अ‍ॅडमिन कंट्रोलर'च्या कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवतात. नवीन आलेला मुलगा घाईत 'एक्स्टेंड्स'पुढे 'अ‍ॅडमिन'ऐवजी 'माय' लिहितो. पान व्यवस्थित चालतं, एरर नाही. तपासणारा स्वतः लॉगिन केलेला, त्याला काय कळणार? आणि ग्राहकांचे पत्ते, फोन नंबर सगळ्या गावाला खुले! एक शब्द चुकला, इतकंच.

अहो, कुलूप दाराला लावतात, वंशावळीला नाही. कोडइग्नायटर ४ मध्ये (२०२०) त्यासाठी फिल्टर आहेत. 'अ‍ॅडमिन'ने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांना एकाच ठिकाणी कुलूप घाला, मग आतला कंट्रोलर कुणाचाही वंशज असो. ईमेलला ईमेलचा क्लास, पीडीएफला पीडीएफचा. बेसमध्ये फक्त तेच, जे खरोखर प्रत्येक पानाला लागतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?"

चाललंय, हीच तर भीती आहे. उघडं राहिलेलं दार कधी करकरत नाही.