वाटेतला उपचार

वाशीम जिल्ह्यातील कामरगावच्या परिसरात अपघातात कोणाच्या डोक्याला जबर मार लागला, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अमरावती किंवा अकोल्याची वाट धरावी लागते. जखमीचे भवितव्य बहुधा या वाटेतच ठरते. आघाताने झालेली इजा कोणालाही पुसता येत नाही. परंतु त्यानंतर प्राणवायू कमी पडल्याने आणि रक्तदाब घसरल्याने मेंदूची होणारी दुसरी हानी पुष्कळदा टाळता येते. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, मान स्थिर ठेवणे, रक्तस्राव रोखणे, ही कामे रुग्णवाहिकेतच व्हावयास हवीत. महाराष्ट्रात २०१४ साली डॉक्टरांसह १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, हे स्वागतार्हच होय. मात्र गाडी किती मिनिटांत आली एवढ्यावरच तिचे मोजमाप न थांबता, वाटेत कोणते उपचार झाले याचीही नोंद तपासली जावी. कर्तव्य समाजाचेही आहे. बेशुद्ध जखमीला पाणी पाजणे, मिळेल त्या गाडीत कोंबणे थांबले पाहिजे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सद्हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. तेव्हा चौकशीच्या भयाने पाठ फिरवण्याचे कारण आता उरलेले नाही.