तो आवाज भंगारात देऊ नका!

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर एखादा जुना प्रोजेक्टर धूळ खात पडलाय का? आमच्याकडे आहे. सुपर ८ चा, आवाज असलेला. यांचे काका परदेशातून घेऊन आले होते. १९८० मध्ये नणंदबाईंचं बारसं झालं, तेव्हा काकांनी छोट्या कॅमेऱ्यानं ते टिपलं. त्या तीन मिनिटांच्या रिळात सासूबाई पाळणा म्हणताहेत. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

दर दिवाळीला रीळ लावायचं आणि दर दिवाळीला रडगाणं तेच! आधी आवाज दबका, मग हेलकावे खाणारा. तीनदा दुरुस्तीला दिला. एक दिवस बरा चालायचा, की पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी दुरुस्तीवाले म्हणाले, "ताई, भंगारात द्या आता."

मन मानेना. आमच्या बचतगटातल्या एकीची मुलगी आयटीआय झालेली. तिला बोलावलं. तिनं लगेच यंत्र उघडलं नाही. म्हणाली, "काकू, आधी नीट ऐकूया. आणि हे रीळ नको, दुसरं कुठलंही लावा." दुसऱ्या रिळालाही तोच त्रास असेल, तर दोष यंत्राचा. एकाच रिळाला असेल, तर फिल्मचा. किती साधी गोष्ट!

या फिल्मच्या कडेला कॅसेटसारखी चुंबकीय पट्टी असते. ती हेडला घासत जाते आणि आवाज येतो. जुन्या पट्टीची भुकटी हेडवर बसली, की आवाज दबतो. दुरुस्तीवाले दरवेळी हेडच पुसायचे. फिल्म आणि तिच्या वाटेतले रोलर तसेच मळके! मग दोष परत येणारच ना? तिनं वायर काढून ठेवली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवून हेड पुसलं. फिल्म मात्र कोरड्या मऊ कापडानंच हलकेच पुसली.

हेलकाव्यांचं कारण वेगळं. भिंगासमोर फिल्म थांबत थांबत सरकते, पण हेडवरून ती एकसारखी वाहायला हवी. म्हणून मध्ये फिल्मचा सैल वेढा ठेवतात. तो ताणला गेला, बेल्ट सैल पडला किंवा रबरी रोलर कडक झाला, की आवाज डुलतो. आमचा बेल्ट सैल पडला होता. मापाचा नवा घातला आणि हेलकावे थांबले.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली, तर बहुधा आतल्या संपर्कावर मळ असतो. फिल्म नसतानाही घूंऽऽ असा आवाज आला, तर दोष विजेच्या भागात. तिथे मात्र आपण हात घालायचा नाही, जाणकारालाच बोलवायचं. आणि ज्या यंत्रात रेकॉर्डिंगची सोय आहे, तिथे ते बटण चुकूनही दाबू नका. जुना आवाज पुसला जाईल!

मिक्सरचा आवाज बदलला तर आपल्याला स्वयंपाकघराबाहेरूनही कळतं. मग यंत्राचा विषय निघाला की आपण "मला बाई त्यातलं काही कळत नाही" असं का म्हणतो? परत परत येणाऱ्या दुखण्याचं मूळ शोधायला आधी कान लागतात, आणि ते आपल्याकडे आहेत.

मला आणखी एक वाटतं. त्या काळी सभेतला माइक बहुतेक पुरुषांच्याच हाती असायचा. आपल्या आज्या, आत्या, सासवा बोलल्या त्या घरात. घरच्या अशा रिळांत त्या आपसूक सापडतात. ती रिळं भंगारात गेली, तर त्यांचा आवाजही गेला.

तेव्हा माळ्यावरचा डबा आजच उघडा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर फिल्म खराब होऊ लागली आहे. ती बाकीच्या रिळांपासून वेगळी ठेवा आणि अजिबात वेळ न घालवता उतरवून घ्या. आम्ही प्रोजेक्टरला वायर जोडून आवाज संगणकात घेतला, त्याच्या प्रती तिन्ही घरांत दिल्या.

नणंदबाईंनी फोनवर तो पाळणा ऐकला. बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, पुन्हा एकदा लाव ना!"