ग्रंथपालाची खरी विद्या

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन ह्या ग्रंथपालास बडोद्यास आणविले; १९११ साली तेथे ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग निघाला. त्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जात असत.

आज ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींस आम्ही सुचवितो की, वर्गीकरण व सूचीलेखन केवळ परीक्षेपुरते शिकू नये. सुटीत जवळच्या वाचनालयात बसावे, नोंदी कराव्या, संगणकावरील सूची हाताळावी; मुख्य म्हणजे वाचकाचे म्हणणे ऐकावे. शेतकरी भाताचे पुस्तक मागतो, तेव्हा त्यास बहुधा किडीवरील उपाय हवा असतो. तो न ओळखल्यास बिचारा रिकाम्या हाती परततो व पुन्हा पायरी चढत नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, हे रंगनाथनांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी एक होय. पदवी नोकरी देईल. वाचक मात्र सेवेनेच जोडला जातो.