डिंगमारांचा देश आणि आमचे कंधार

बी. ए. द्वितीय वर्ष (मराठी)

वसतिगृहात रविवारच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक जाहिरात आली होती. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क. बारा दिवस, विमानभाड्यासह. खालचा आकडा वाचून आम्ही मैत्रिणी पोट धरून हसलो. गावी गेले तेव्हा तो कागद बाबांना दाखवला. बाबांना वाचता येत नाही. चित्रे पाहून त्यांनी विचारले, "एवढं पैसं घालून तिथं काय हाय बघायला?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. पुढे दोन महिने ग्रंथालयात जे सापडले, ते या लेखात मांडते.

मराठी गद्याचा इतिहास शिकताना सर म्हणाले, विल्यम कॅरीने मराठीचे व्याकरण 1805 साली श्रीरामपुरात छापले. मला वाटले, आपल्या नगरकडचे श्रीरामपूर! (वर्गात हसण्यासारखे काही नव्हते, कारण निम्म्या वर्गाला तसेच वाटले होते.) पण हे श्रीरामपूर, म्हणजे सेरामपूर, बंगालमध्ये हुगळीच्या काठी आहे आणि त्या काळी तिथे डेन्मार्कच्या राजाचे निशाण फडकत होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते, म्हणून कॅरी 1800 साली डेन लोकांच्या आश्रयाला गेला. तिथेच वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीने त्याने व्याकरण केले आणि 1810 मध्ये मोडी अक्षरांतला मराठी शब्दकोशही काढला. म्हणजे आपली भाषा छापखान्यात गेली ती काही अंशी डेन्मार्कच्या छत्राखाली. आम्ही परीक्षेत सन लिहितो, गुण मिळवतो, आणि हे गाव तेव्हा कोणाचे होते हे विचारत नाही!

आपल्या पूर्वजांना मात्र हे लोक ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांची नावे आहेत, त्यांत फिरंगी, इंग्रज, वलंदेज यांच्या पंगतीला 'डिंगमार' बसले आहेत. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला त्यांनी 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या परवानगीने किल्ला बांधला. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पाठवलेले पत्र आजही तिकडच्या अभिलेखागारात जपलेले आहे. पुढे तंजावर व्यंकोजीराजांकडे आले आणि डिंगमारांचा जमिनीचा खंड भोसल्यांच्या दरबारात जाऊ लागला. शिवछत्रपतींच्या सावत्र भावाचे घराणे हे युरोपातल्या एका राजाचे जमीनमालक! सरफोजीराजांवर लहानपणी मायेने लक्ष ठेवणारा श्वार्ट्झ हा जर्मन पाद्रीही तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमधूनच आलेला.

तेव्हा बाबा, तिथे बघायला आपलेही थोडे काही आहे, हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर मला जास्त टोचले. डेन्मार्कमध्ये येलिंग नावाचे गाव आहे. तिथे हॅराल्ड ब्लूटूथ राजाने दहाव्या शतकात उभा केलेला एक शिलालेख आहे. (आपल्या मोबाईलमधले ब्लूटूथ ते याच राजाच्या नावाचे.) बाप गोर्म आणि आई थायरा यांच्या स्मरणार्थ हा दगड कोरला, असे त्यावर आहे. ऊनपावसाने अक्षरे झिजू नयेत म्हणून 2011 पासून तो दगड काचेत ठेवला आहे. आता पाहा, हॅराल्ड येलिंगला राज्य करीत होता त्याच सुमारास दक्षिणेत राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचे राज्य होते आणि आमचे कंधार हे त्याचे वैभवाचे नगर होते. जगत्तुंग समुद्र हा तलाव राष्ट्रकूटांचा. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष इथे सापडले, त्यातले नुसते पाऊल पाहिले तरी मान वर करून उरलेली मूर्ती आकाशात शोधावीशी वाटते. हॅराल्डचा दगड पाहायला जगभरातून माणसे जातात. कंधारचा किल्ला पाहायला नांदेडहून एस.टी.ने जाता येते, आणि 2023 पासून आम्हा मुलींना तिकीटही अर्धेच पडते. तरी जाते कोण?

कोणी म्हणेल, ती श्रीमंत राष्ट्रे, त्यांना परवडते. खरे आहे. आणि ती श्रीमंती धुतल्या तांदळासारखी नाही, डॅनिश जहाजांनी गुलामांचाही व्यापार केलेला आहे. पण 1845 साली तरंगंबाडी आणि सेरामपूर त्यांनी इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकून टाकले. व्यवहार संपला. असे असून दीडशे वर्षांनी डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाची माणसे त्या गावांत परत आली, जुन्या इमारतींची मोजमापे घेतली, दुरुस्तीला हात लावला. सेरामपूरच्या सेंट ओलाव्ह चर्चच्या कामाला 2016 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्यांनी विकलेल्या घराची डागडुजी केली. आपण न विकलेल्या घराचे काय केले? हा प्रश्न मी सरकारला विचारत नाही, सरकारला विचारणारे पुष्कळ आहेत. मी माझ्यापुरते सांगते.

दिवाळीच्या सुटीत मी बाबांना घेऊन कंधारला गेले. ज्वारीच्या पेरणीचे दिवस होते, तरी एक दिवस मोडून ते आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदलेला माणूस तो. खंदकाशी आल्यावर ते खाली बसले आणि बराच वेळ काठाचे दगड न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या खंदकात पानी कुठनं घेतलं आसंल? उतार कसा काढला आसंल गं?" इतिहासाच्या एकाही पुस्तकात मी हा प्रश्न वाचला नव्हता. सहलीला आलेली मुले तेवढ्यात फोटो काढून निघूनही गेली होती.

आत एका भिंतीवर नावे कोरलेली होती. बदाम, बाण, सालासकट. बाबांनी बोट ठेवून विचारले, "हे राजाचं हाय का?" मी गप्प राहिले. त्यांच्या बोटाखाली माझेच नाव होते. सातवीत शाळेच्या सहलीला आले होते तेव्हा कंपासपेटीतल्या करकटकाने मी ते कोरले होते. घरात पहिल्यांदा अक्षर आले ते माझ्या रूपाने, आणि ते मी असे वापरले! शेवटी सांगितले. बाबा काही वेळ ती अक्षरे बघत राहिले, वाचता येत नसताना. "पुसता येतंय का?" त्यांनी विचारले. येत नव्हते.

गेल्या वर्षी सहलीच्या बैठकीत मी कंधारचे नाव सुचवले, तेव्हा "कंधारात काय बघायचं?" म्हणून सगळे हसले. सहल लांब गेली, वर्गणी मोठी होती, आणि आमच्या वर्गातल्या अकरा मुली वसतिगृहातच राहिल्या. त्यांत मीही होते. यंदाची बैठक जानेवारीत आहे. मी पुन्हा कंधारच सुचवणार आहे. सोबत मोजपट्टी, वह्या आणि त्या भिंतीवरच्या नावांची यादी करायला दोन मुली हव्यात. खंदकाच्या उताराचे सांगायला बाबा यायला तयार आहेत, फक्त त्या दिवशीचा रोज बुडेल, तेवढा सहलीच्या वर्गणीतून द्यावा.