साध्या कापडाची शिवण

आमच्या तृतीय वर्षातील एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये आली आणि पिशवीतून कुर्ता काढून तिने माझ्यापुढे धरला. बँकेच्या मुलाखतीसाठी घेतलेला. पाठीवर मिटल्या डोळ्यांच्या बुद्धाचा वीतभर चेहरा, गळ्याशी कमळांची रांग, बाह्यांना सोनेरी काठ. "मॅडम, दुकानदार म्हणाला बुद्धिस्ट डिझाइन आहे. साधं आहे ना?" तिचा हिरमोड करणे जिवावर आले, म्हणून "रंग छान आहे" एवढेच म्हणाले. जे तेव्हा बोलले नाही ते इथे लिहिते आहे.

नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या पोशाखाने बौद्ध कलेकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे माझे मत आहे. पण ते बुद्धाच्या चेहऱ्यात नाही. त्याच्या अंगावरच्या वस्त्रात आहे, आणि त्याकडे आपण बघतच नाही.

सारनाथच्या संग्रहालयात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धाची पाचव्या शतकातील मूर्ती आहे, चुनारच्या वालुकाश्मातली. तिचे छायाचित्र इतिहासाच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाहिलेले असते. आता ते पुन्हा काढून पाहा आणि वस्त्र कुठे आहे ते शोधा. अंगावर एकही चुणी नाही. गळ्याशी एक बारीक कड, मनगटाजवळ एक, खाली पायांपाशी एक. बस्स. गांधारच्या शिल्पकाराने काळसर शिस्टमध्ये त्याच बुद्धाला दोन्ही खांदे झाकणारे जाड वस्त्र दिले आणि त्याच्या घड्या खोल कोरल्या. मथुरेच्या गुप्तकालीन मूर्तींवर दोऱ्यांसारख्या समांतर चुण्या आहेत. सारनाथच्या कारागिराने तेही काढून टाकले. कापड आहे हे त्याने फक्त कडेवरून सांगितले. पोशाखाचा नमुना आखणाऱ्याला यापेक्षा मोठा धडा कोणता हवा? काठ नीट बसला, गळ्याची रेषा नेमकी आली, कापड अंगावरून नीट पडले, की वर काही चिकटवावे लागत नाही.

हे वस्त्र मुळात शोभेसाठी नव्हतेच. विनयपिटकात त्याची हकीकत आहे. बुद्धांनी मगधातील बांध घातलेली शेते पाहिली आणि आनंदाला विचारले, अशा आकाराची चीवरे करता येतील का? आनंदाने तुकडे कापून, पट्ट्या जोडून तसे चीवर शिवून दाखवले. कापलेल्या कापडाचा चोराला मोह होत नाही, हाही त्यात हिशेब होता. आनंदाचीच दुसरी गोष्ट कोसंबीच्या उदेन राजाची. इतक्या चीवरांचे तुम्ही काय करणार, असे राजाने विचारले, तेव्हा आनंदाने यादीच सांगितली: ज्यांची जुनी झाली त्यांना देऊ, जुन्यांची पांघरुणे करू, मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपू. आपल्याकडे जुन्या लुगड्याची वाकळ होते आणि वाकळ विटली की तिची पायपुसणी होतात, ती रीत याहून वेगळी नाही. आमच्या कन्नड विभागातील मैत्रिणी तिला कौदी म्हणतात.

आणि स्त्रियांचे काय? भिक्षूंना तीन चीवरे, भिक्षुणींना पाच. छाती झाकण्यासाठी संकच्चिका आणि स्नानासाठी उदकसाटिका ही दोन अधिक. नदीवर उघड्याने स्नान करावे लागे, तिथे भिक्षुणींची कुचेष्टा होई, म्हणून विशाखेने ते वस्त्र देण्याची परवानगी मागून घेतली. म्हणजे रोज गावोगाव पायी फिरणाऱ्या बाईला काय अडचण येते, हे विचारून पोशाख ठरला. आजचा शिंपी किंवा आजची कंपनी हे विचारते का? बाईच्या कुर्त्याला खिसा नसतो. बसच्या पायरीवर चढताना घेर पायात येतो. फळ्यावर लिहायला हात वर केला की बाही काखेत ताणते. सोनेरी काठ मात्र असतो.

इथे कुणी अजिंठ्याचा दाखला देईल, आणि तो रास्त आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीच्या मस्तकावर केवढा मुकुट, गळ्यात केवढी मोत्यांची माळ! राण्यांच्या अंगावर वस्त्र कमी आणि दागिने जास्त. तेव्हा बौद्ध कला म्हणजे साधेपणा, असे सरसकट म्हणणे खोटे ठरेल. मात्र त्याच लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नाचणारी स्त्री पाहा. तिला लांब बाह्यांची अंगाबरोबर शिवलेली चोळी आहे आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र. राणी बसलेली असते, नर्तकी काम करत असते. काम करणारीला शिवलेले कापड लागते, हे त्या चित्रकाराने पाहिले होते.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि तो मी स्वतः भोगला आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी अध्यापिकेच्या जागेसाठी पहिल्या मुलाखतीला मी राखी रंगाची, बिनबुट्ट्यांची सुती साडी नेसून गेले. कॉलेजचे नाव सांगत नाही. समितीतल्या एका वयस्क गृहस्थांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि विषयाचा पहिला प्रश्न विचारण्याआधी म्हणाले, "घरी सगळे ठीक आहे ना?" त्यांचा हेतू वाईट नसावा. पण मला उत्तर सुचेना, आणि पुढची पाच मिनिटे मला माझाच विषय आठवेना.

आपल्याकडे बाईचा साधेपणा ही फार काळ शिक्षा होती. माझ्या पणजीने ऐन तारुण्यात केशवपन करून तांबडे आलवण नेसले आणि मरेपर्यंत तेच नेसले. तिला कुणी विचारले नव्हते. म्हणून आमच्या आया मुलीला बिनकाठाचे लुगडे घेताना कचरतात, आणि म्हणूनच ती विद्यार्थिनी सोनेरी काठाला साधे म्हणते. तिला हसण्याचा मला अधिकार नाही. परंतु थेरीगाथेतील स्त्रियांनी चीवर स्वतः घेतले होते. कुणी घर सोडून, कुणी ऐश्वर्य सोडून. आलवण आणि चीवर यांत रंगाचा फरक फारसा नसेल, निवडीचा आहे. कामाला जाणाऱ्या आजच्या मुलीला रंग, काठ आणि कापड निवडता आले, तर साधे वस्त्र तिला सुतकी करणार नाही.

साहित्यही दूर नाही. शहापूर-वडगावात माग आहेत, धारवाड जिल्ह्यात गरगची खादी आहे, गुळेदगुड्डचा खण आहे. थायलंडमधील अरण्यवासी भिक्षू फणसाच्या गाभ्याच्या लाकडाने चीवरे रंगवतात. खानापूरकडे फणसाला काय तोटा? खणाची एक पट्टी फक्त गळ्याला, बाकी सगळे कोरे कापड, हे मला सारनाथच्या त्या कडेच्या जवळचे वाटते. बुद्धाचा चेहरा छापून त्यावर बसमध्ये पाठ टेकण्यापेक्षा तर नक्कीच.

मागच्या महिन्यात मी न रंगवलेल्या खादीचे साडेतीन मीटर घेऊन आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेले. दोन खिसे, पाऊण बाही, गुडघ्याखाली चार बोटे, गळ्याला हिरव्या खणाची पट्टी, आणखी काही नाही, असे सांगितले. त्याने नेहमीपेक्षा शंभर रुपये जास्त मागितले. मी म्हटले, "अहो, यात तर काहीच काम नाही!" तो म्हणाला, "तसं नाही बाई. लेस लावली की वाकडी शिवण झाकते. ह्याच्यात कुठं झाकू?" मी शंभर रुपये दिले.