पहिल्या दिवशीचा शेरा

३० सप्टेंबर २०२१ रोजी कोनामीचा ‘ईफुटबॉल २०२२’ आला आणि दिवसभरातच स्टीमवरच्या सर्वांत वाईट शेऱ्यांच्या गेममध्ये त्याची गणना होऊ लागली. दहा जणांतल्या जेमतेम एकाने अंगठा वर केला होता. मेस्सी आणि रोनाल्डोच्या चेहऱ्यांची चित्रे जगभर फिरली. ओठ ताणलेले, नजर भलतीकडे, आणि मागे पुठ्ठ्यातून कापून उभे केल्यासारखे प्रेक्षक. आपल्या व्यवसायातल्या बहुतेकांना तो गेम आजही त्या चेहऱ्यांमुळेच आठवतो. आम्हाला याची खंत वाटते. त्या आठवड्यात खेळणाऱ्यांनी आणि समीक्षकांनी जे सांगितले, त्यातला मोलाचा भाग चेहऱ्यांबद्दल नव्हताच.

दुसऱ्याच दिवशी कोनामीने जाहीर माफी मागितली. ते निवेदन पुन्हा वाचावे. त्यात आधी उल्लेख आहे तो खेळाच्या तोलाचा, म्हणजे पासच्या वेगाचा आणि बचावाच्या नियंत्रणाचा. मधली दृश्ये, चेहऱ्यांवरचे भाव, खेळाडूंच्या हालचाली आणि चेंडूचे वागणे हे सगळे त्यानंतर येते. म्हणजे ज्यांच्यावर टीका झाली, त्यांनी ती नीट ऐकली होती. बाहेरच्या जगाने मात्र चेहरे तेवढे लक्षात ठेवले.

असे का झाले, याचे उत्तर प्रत्येक टेस्टरच्या अनुभवात आहे. अनेक वर्षांपूर्वी मी एका स्टुडिओत खेळाच्या गेमची तपासणी करत होतो. खेळाडूचा पाय गवतावरून घसरतो, अशी नोंद मी केली आणि सोबत चित्र जोडले. दोन दिवसांत दुरुस्ती झाली. त्याच आठवड्यात दुसरी नोंद केली होती : बटण दाबल्यावर जवळचा बचावपटू हाती यायला उशीर लागतो, आणि तेवढ्यात समोरचा निसटून जातो. ती नोंद ‘पुन्हा घडवून दाखवता आले नाही’ असा शेरा मारून बंद झाली. उशिराचे चित्र काढता येत नाही. तो अंगठ्याला कळतो, डोळ्याला दिसत नाही. गेम बाजारात गेल्यावर पहिली तक्रार नेमकी त्याचीच आली. तेव्हापासून फुटबॉलच्या गेमवरचे परीक्षण वाचताना मी आधी चित्रे झाकून फक्त मजकूर वाचतो.

‘ईफुटबॉल’ हे ज्या मालिकेचे नवे नाव, त्या कोनामीच्या जुन्या मालिकेचा सगळा मान त्या न दिसणाऱ्या गोष्टींवर उभा होता. जपानमध्ये ‘विनिंग इलेव्हन’ आणि २००१ पासून युरोपात ‘प्रो एव्होल्यूशन सॉकर’ (पीईएस) या नावाने ती चालली. शिंगो ताकात्सुका यांच्या देखरेखीखाली निघालेले पाचवे आणि सहावे भाग ज्यांनी खेळले, त्यांना आद्रियानोच्या डाव्या पायाची धास्ती आणि मास्टर लीगमधले कास्तोलो, मिनांदा हे कल्पित खेळाडू अजून आठवत असतील. परवाने नसल्यामुळे सहाव्या भागात चेल्सी ‘लंडन एफसी’ म्हणून आणि लिव्हरपूल ‘मर्सीसाइड रेड’ म्हणून मैदानात उतरायचे. समीक्षक दरवर्षी याबद्दल नाराजी नोंदवत आणि तरीही भरभरून गुण देत. नावे खोटी होती, पण पासचे वजन खरे होते. चेंडू पायाला लागून किंचित पुढे जायचा, वळायला अर्धे पाऊल जास्त लागायचे, आणि बचावपटूला हाक मारली की साथीदार खरोखर धावून यायचा. ‘फिफा’ मालिका काढणाऱ्या ईए स्पोर्ट्सकडे पैसा, लीगचे करार आणि समालोचकांचे आवाज सगळे असतानाही त्या काळात परीक्षणांतले प्रेम कोनामीकडे झुकले होते.

या मालिकेची घसरगुंडी अचानक झाली नाही. आपल्या कामाशी तिचा सरळ संबंध आहे. २००७ च्या शेवटी ‘पीईएस २००८’ प्लेस्टेशन ३ वर आला तो अडखळत. जुन्या प्लेस्टेशन २ वरची आवृत्ती त्याहून बरी खेळते, असे तेव्हा परीक्षणांत छापून आले. २०१३ मध्ये फॉक्स इंजिन आले. खेळाडूंच्या शरीरांची टक्कर आणि चेंडूचे स्वतंत्र वागणे यांचे कौतुक झाले, पण गर्दी झाली की चित्र मंदावायचे आणि पाऊस तर गेममधून गायबच झाला होता. (ज्यांनी जून-जुलैत चिखलात फुटबॉल खेळला आहे, त्यांना ओल्या मैदानाशिवायचा फुटबॉल किती अपुरा वाटतो हे सांगायला नको.) पुढच्याच वर्षी तो गेम सावरला. मग २०२१ मध्ये अनरियल इंजिन आले आणि तिसऱ्यांदा तेच झाले. तिन्ही वेळा पायाखालची जमीन बदलली, आणि तिन्ही वेळा नव्या घराचा रंग वाळण्याआधी पाहुण्यांना आत बोलावले.

इंजिन बदलणे चूक नसते. पण फुटबॉलच्या गेममध्ये इंजिन बदलले की हरवते ते वर्षानुवर्षे हाताने लावलेले आकड्यांचे गणित. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात बावीस खेळाडूंनी कुठे धावायचे, कोणत्या हालचालीतून कोणत्या हालचालीत जायचे, चेंडू कोणत्या पायाला लागायचा, हे सगळे ठरायचे असते. पास थोडा मंद झाला तर मधल्या फळीतला प्रत्येक चेंडू अडवला जातो. तो थोडा जलद केला तर बचाव निरर्थक ठरतो. हालचाल सुंदर दिसावी म्हणून ती पुरी होऊ दिली, तर बटणाला प्रतिसाद उशिरा मिळतो. हा तोल कुठल्याही कागदावर लिहिलेला नसतो. तो जुन्या कोडमध्ये आणि जुन्या माणसांच्या बोटांत असतो. नव्या इंजिनात नेताना तो नव्याने शोधावा लागतो, आणि त्याला चित्र बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तो वेळ त्यांनी दिला नाही. त्यात भर पडली धंद्याच्या निर्णयाची. आधीच्या वर्षी फक्त संघांची यादी ताजी करून कमी किमतीत ‘सीझन अपडेट’ विकले होते. आता गेम फुकट करायचा होता आणि मोबाइलपासून कन्सोलपर्यंत सगळ्यांसाठी एकच पाया ठेवायचा होता. हे धाडस होते आणि त्यामागचा विचार चुकीचा नव्हता, हे आम्ही मनापासून म्हणतो. आपल्याकडे कन्सोल परवडणारी घरे किती आणि खिशात फोन असलेली मुले किती, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. पण हाती आला तो नऊ क्लबांचा, मास्टर लीग नसलेला, आवृत्ती ०.९.० असे स्वतःच सांगणारा गेम.

आमचे काही स्नेही म्हणतात, की जो गेम महिन्यागणिक बदलणार आहे, त्याला पहिल्या दिवशी गुण देणे अन्याय आहे. हे आम्हाला मान्य नाही. पहिल्या दिवशी ज्याने तो उतरवून घेतला, त्याची संध्याकाळ त्याच आवृत्तीवर गेली. ‘पुढे सुधारू’ हे आश्वासन आहे, आणि समीक्षकाच्या हातात असतो तो गेम. पाचशेहून जास्त शेऱ्यांपैकी वीस टक्केही अनुकूल नसले, की स्टीम गेमवर सर्वांत खालची पट्टी लावते. ती पट्टी त्या दिवशी न्याय्य होती.

अन्याय झाला तो नंतर. नोव्हेंबरमध्ये येणारी १.०.० आवृत्ती पुढे ढकलली, आगाऊ घेतलेले पैसे परत केले, आणि ती १४ एप्रिल २०२२ रोजी आली. तिच्यात साथीदाराला दबावासाठी बोलावण्याची ती जुनी आज्ञा परत आली होती. ज्या तक्रारीचे चित्र निघत नव्हते, तिचे हे उत्तर होते. पण ते सांगायला परीक्षक कुठे होते? मेटाक्रिटिक एका नियतकालिकाचा पहिलाच गुण धरते, नंतर बदललेला धरत नाही. स्टीमवर निदान गेल्या तीस दिवसांचे शेरे वेगळे दिसतात. टीका ऐकून सुधारणाऱ्याची दखल घेतली नाही, तर पुढच्या वेळी प्रोग्रॅमरने कोणत्या आधारावर वरिष्ठांना सांगायचे, की बटणाचा उशीर आधी दुरुस्त करू, चेहरे मागाहून?

‘ईफुटबॉल’नंतर एकाच दिवसाने, १ ऑक्टोबर २०२१ रोजी, ‘फिफा २२’ आला. त्यात इंडियन सुपर लीग होती. मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांच्या जर्सी पडद्यावर पाहून आम्हालाही आनंद झाला. पण आपल्या भाषेत त्यावर जे लिहिले गेले, ते बहुतेक त्या जर्सींपाशीच थांबले. बावीस खेळाडूंच्या अंगावर सेन्सर लावून पुऱ्या सामन्याची हालचाल टिपली होती, आणि ती फक्त नव्या पिढीच्या यंत्रांवर चालत होती. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुने प्लेस्टेशन ४ होते, त्यांना त्यातले काय मिळाले? अल्टिमेट टीम या प्रकारातली खेळाडूंची विकतची पाकिटे गेम हाती आल्यावर काही आठवड्यांत खरे रूप दाखवतात. बेल्जियममध्ये तर ती जुगारात मोडतात असे ठरल्यावर ईएने २०१९ च्या जानेवारीत तिथली पॉइंटविक्री थांबवली होती. आठवडाभरात लिहिलेल्या परीक्षणात यातले काय येणार? एका गेमला पहिल्या दिवसाने बुडवले आणि दुसऱ्याला पहिल्याच दिवसाने तारले, असेही म्हणता येईल.

म्हणून पुढच्या अंकापासून या मासिकात खेळाच्या गेमवरचे परीक्षण वेगळ्या रीतीने छापले जाईल. वर आवृत्तीचा क्रमांक असेल. कोणत्या यंत्रावर, किती कठीण पातळीवर, किती सामने खेळून लिहिले, हे असेल. तीस सामन्यांपेक्षा कमी खेळून लिहिलेले आम्ही घेणार नाही. पास, फर्स्ट टच, बचावपटू बदलण्याचा वेळ आणि शरीराचे वजन यांवर आधी लिहावे लागेल, चेहरे आणि मैदाने नंतर. आणि सहा महिन्यांनी त्याच परीक्षकाने तोच गेम पुन्हा खेळून दुसरे परीक्षण लिहायचे आहे. ते पहिल्याइतक्याच जागेत छापले जाईल.

स्टुडिओत काम करणाऱ्या वाचकांना विनंती, की तुमच्याकडे बंद झालेल्या अशा नोंदी असतील तर स्टुडिओचे आणि गेमचे नाव न लिहिता आम्हाला पाठवा. दोष काय होता, तो हाताला कसा जाणवला, आणि तो दाखवून द्यायला तुम्ही काय केलेत, एवढे पुरे. कुणी हाताजवळ कॅमेरा लावून बटण आणि पडदा एकत्र टिपले असेल, कुणी फ्रेम मोजल्या असतील. ती युक्ती दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

नव्या रीतीचे पहिले परीक्षण सुरू झाले आहे. एकवीस सामने झाले, नऊ बाकी आहेत.